किनाऱ्यावरचे लग्न : सारे गावातूनच घ्यावे, की एकाच कंत्राटदाराकडे सोपवावे?

माडबन (धागा सुरू करताना)

येत्या फेब्रुवारीत माझे लग्न आहे. माझे आजोळ मालवण आणि आचरा यांच्या दरम्यानच्या एका गावात आहे आणि लग्न तिथेच, समुद्राच्या काठी, दशमीच्या गोरज मुहूर्तावर लागावे अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. पाहुणे साधारण 160 असतील. पुण्यातील एका विवाह-नियोजन कंपनीकडून आम्ही प्रस्ताव मागवला, तेव्हा त्यात फुले बेळगावहून, आचारी मुंबईहून आणि मांडवाचा लोखंडी सांगाडा कोल्हापूरहून येणार होता. ज्या गावात माझ्या आईचे लग्न झाले, त्या गावाचा माझ्या लग्नातला वाटा केवळ जागेपुरता उरत होता. मला ते पटले नाही.

माझे म्हणणे असे आहे की, किनाऱ्यावरचे लग्न करायचे असेल तर त्या किनाऱ्यावरच्या माणसांकडूनच सारे घ्यावे. मांडव माडाच्या चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा घालावा. आमच्याकडे त्याला माटव म्हणतात आणि तो घालणारी माणसे वाडीतच आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ले तालुक्यातील आरवली परिसरात सुरंगी फुलते. पहाटे झाडावर चढून काढलेल्या कळ्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, बायका सकाळीच ओवतात आणि त्यांचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत घरात राहतो. माझ्या केसांत तोच वळेसर असावा, शहरातून बर्फाच्या पेटीत आलेले गुलाब नसावेत. पत्रिका सावंतवाडीच्या गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) कलाकारांकडून रंगवून घ्यायच्या आहेत, आणि आहेर म्हणून तिथलीच लाकडी फळे द्यायची आहेत. जेवण केळीच्या पानावर : वडे, काळ्या वाटाण्याचे सांबारे, खतखते, ओल्या काजूची उसळ, सोलकढी आणि शेवटी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. हे सारे रांधणारा महिला बचत गट गावात आहे.

आपले लग्न आपल्यासारखे व्हावे म्हणून लोक नावांची आद्याक्षरे दिव्यांत कोरतात. मला वाटते की, ज्यांच्याशी आपले नाते आहे त्यांचे हात लागले की लग्न आपोआप आपले होते. जाणकारांनी मत द्यावे.

वधूपिता

आपल्या भावनेचा आदर राखून मी याला स्पष्ट विरोध करतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे लग्न आम्ही गुहागर तालुक्यात अगदी याच पद्धतीने केले. मांडव, जनित्र, आचारी, वाढपी, फुले, सनई, गाड्या आणि पाहुण्यांची घरगुती निवास-न्याहरी अशी आठ माणसे आठ ठिकाणची होती आणि प्रत्येकाला वेगळा विसार दिला होता. आदल्या दिवशी दुपारी जनित्रवाल्याने दुसऱ्या गावच्या कार्याचे काम आधी घेतले असल्याचे कळवले. त्यामुळे विहिरीवरचा पंप चालेना, पंप नाही म्हणून टाकीत पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून आचाऱ्याने चुलाण पेटवले नाही. रात्री अकरा वाजता मी शेजारच्या वाड्यांतून जनित्र शोधत फिरत होतो आणि माझी मुलगी हातावरची मेंदी सांभाळत पाहुण्यांना पाणी देत होती.

कंत्राटदार महाग असतो, हे मान्य आहे. पण त्याच्याकडे दुसरे जनित्र असते आणि चूक झाली तर जाब विचारायला एकच माणूस असतो. गावातल्या नातलगाला जाब विचारता येत नाही. विचारला तर लग्न होते आणि नाते जाते. आपण ज्याला नात्याचे बळ म्हणता, तीच अशा वेळी अडचण ठरते.

रापणीतला

मी याच किनारपट्टीवर राहतो आणि आमचे घर चार पिढ्या रापण ओढत आले आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे. होडीतून ते अर्धगोलात पाण्यात सोडतात आणि मग दोन्ही टोकांना माणसे लागून ते वाळूवर ओढून आणतात. त्याला माणसांइतकीच मोकळी वाळूही लागते. होड्या त्याच वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी तिथेच वाळतात आणि मासळीही तिथेच सुकते.

माडबन ताई, आपण चुडते, फुले, जेवण यांचा विचार केलात, तो चांगलाच आहे. परंतु किनारा कोणाकडून घेणार, हे आपल्या लेखनात कुठेही नाही. पावसाळ्यात मासेमारी बहुतेक बंद असते. उरलेल्या महिन्यांतच आम्हाला कमवायचे असते आणि लग्नसराईही त्याच महिन्यांत येते. मागील काही वर्षांत लग्नासाठी आलेल्या लोकांनी आमच्या होड्या “छायाचित्रात येतात” म्हणून हलवायला सांगितल्या आहेत, आणि एकदा तर वाळत घातलेली मासळी वास येतो म्हणून उचलायला लावली आहे. स्थानिक पुरवठादारांना काम मिळाले की गावाचे भले झाले, असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, ज्याला काम मिळते तो आणि ज्याचे काम थांबते तो बहुतेक वेळा एकाच वाडीतला असतो. म्हणून माझा विरोध कंत्राटदाराच्या लग्नाला जितका आहे तितकाच आपल्या लग्नालाही आहे, जर ते वाळूवर होणार असेल.

माडबन

वधूपिता काका, तुमचा प्रसंग वाचून वाईट वाटले आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही एक जनित्रवाला चुकला म्हणून आचारी, फुलवाली आणि मांडवकरी यांनाही मुंबईहून आणावे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. दोष जनित्र एकच ठेवण्यात होता.

रापणीतले दादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. मामांच्या घरासमोरचा किनारा मी लहानपणापासून “आपला” म्हणत आले, पण तो कोणाच्या कामाचा आहे हे कधी विचारले नाही.

तिथी आणि भरती

आणखी एक गोष्ट कोणी काढलेली नाही. दशमीचा गोरज मुहूर्त ठरवताना भरती पाहिली आहे का? कोकणात जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात. जे येईल ती भरतीची वेळ. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. मालवणकडे ती मुंबईपेक्षा काहीशी आधी येते. म्हणजे आपण अंतरपाटामागे उभ्या असाल तेव्हा पाणी चढून जवळजवळ माथ्याला आलेले असेल. अष्टमी-नवमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे लहान भरती, असल्यामुळे उधाणासारखे पाणी वर येणार नाही, हे खरे. पण वाळूचा पट्टा अरुंदच राहील आणि 160 माणसे, होम आणि सनईवाले त्यावर दाटीने बसवावे लागतील. पौर्णिमा किंवा अमावास्या असती तर भरती दुपारी बाराच्या सुमारास येऊन गेली असती आणि संध्याकाळी सहाला वाळू दूरवर मोकळी मिळाली असती.

शिवाय दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात. उघड्या वाळूवर होमातला अग्नी नीट राखणे अवघड जाते आणि ठिणग्या चुडतांच्या मांडवात गेल्या तर काय होईल, हे सांगायला नको. मागे सुरूचे बन असेल तर धोका अधिक, कारण त्याखाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो. लग्न गावातल्यांकडून करा अथवा बाहेरच्यांकडून, वारा दोघांनाही सारखाच.

मंडपवाल्याची मुलगी

माझ्या वडिलांचा मंडपाचा व्यवसाय कुडाळ तालुक्यात आहे आणि हिशेब मी पाहते, म्हणून पुरवठादाराच्या बाजूने लिहिते. वधूपिता काकांचा अनुभव खरा असेल, पण आमच्याकडून दिसणारे चित्र वेगळे आहे. शहरातून येणारे पुष्कळ ग्राहक स्थानिक म्हणजे स्वस्त असे समजून येतात. पाहुण्यांचा आकडा चार दिवस आधी बदलतात, विसार देताना “घरचेच आहात” म्हणतात आणि शेवटचा हप्ता महिनोन्महिने ठेवतात. कंपनीशी मात्र तेच लोक करारावर सही करून अर्धी रक्कम आगाऊ देतात. आम्हालाही तसाच कागद द्यावा : तारीख, वेळ, माणसे, विसार, उरलेली रक्कम कधी मिळणार आणि काम रद्द झाल्यास काय. नाते असले तरी कागद असावा. माझे वडील तर सख्ख्या भावाच्या कार्यालाही पावती फाडतात.

कंपनी आली तरी ती शेवटी मांडव घालायला आमच्याच माणसांना बोलावते, हेही सांगायला हवे. मधला वाटा तिचा, आणि वादळ आले की वाळूत रुतलेले खांब उपसायला आमचीच मुले. म्हणून माडबन ताईंचा मार्ग मला योग्य वाटतो, परंतु तो जिव्हाळ्यावर सोडू नये.

वेळासचा पाहुणा

दिव्यांविषयी थोडे. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणींनी अंडी घालण्याचा काळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला 2006 पासून कासव महोत्सव होतो, पण सिंधुदुर्गातही घरटी सापडतात. मादी रात्री वाळूवर चढते आणि प्रखर उजेड व गोंगाट जाणवला की मागे फिरते; पिल्ले बाहेर पडल्यावर उजेडाच्या दिशेने, म्हणजे लग्नाच्या दिव्यांकडे जातात. त्यामुळे समुद्राकडे तोंड केलेले दिवे आणि फटाके नकोतच. ध्वनिवर्धक तर 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 बंदच ठेवावा लागतो.

वधूपिता

मंडपवाल्याच्या मुलीने लिहिलेले मला पटले. मी कागद केला नव्हता, हे प्रांजळपणे सांगतो. आणि जनित्रवाल्याला दिलेला विसारही फार थोडा होता. तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. आठ कागद झाले तरी त्या आठांना सकाळी सहाला फोन करणारा एक माणूस लागतो आणि तो वधूचा बाप किंवा मामा असू नये. गावातल्याच एखाद्या अनुभवी माणसाला त्याचे रीतसर मानधन देऊन ते काम सोपवावे. त्याच्याकडे दुसऱ्या जनित्राचा आणि पाण्याच्या टँकरचा क्रमांक लिहिलेला असावा. फेब्रुवारीत विहिरींना पाणी असते, पण 160 माणसांचा दोन दिवसांचा भार एका विहिरीवर टाकू नये.

सीआरझेड वाचलेला

वाळूवर काहीही उभारण्याआधी परवानगीचा विचार करावा. 2019 च्या किनारा नियमन (सीआरझेड) अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या पर्यटन सुविधांसाठीसुद्धा भरतीरेषेपासून किमान 10 मीटर अंतर सांगितले आहे. “एकाच संध्याकाळचा मांडव” म्हणून कोणी सूट गृहीत धरू नये. थर्माकोलच्या ताटल्या राज्यात 2018 पासून बंद आहेत, त्यामुळे केळीच्या पानाचा निर्णय सर्वच बाजूंनी योग्य.

माडबन

काल मामांशी आणि होणाऱ्या सासूबाईंशी बोलले. माटव आता वाळूवर नाही, मामांच्या माडांच्या बागेत घालायचा ठरला आहे. तिथून समुद्र दिसतो, लाटांचा आवाज येतो आणि वाराही बागेच्या कुंपणाने बराच अडतो. होम मांडवाच्या बाहेर, पत्र्याच्या आडोशाला. मुहूर्त दशमीचाच राहील. वधूपिता काकांच्या सूचनेप्रमाणे गावातल्या एका निवृत्त शिक्षकांना व्यवस्थेचे काम मानधन देऊन सोपवले आहे आणि त्यांनी पहिल्याच दिवशी दोन जनित्रांचे क्रमांक मिळवले. कागदाचा मसुदा मंडपवाल्याच्या मुलीकडून मागवून घ्यायचा आहे, तिची हरकत नसेल तर. बाहेरच्या कंपनीकडे काहीही देणार नाही, या मतावर मात्र मी ठाम आहे.

रापणीतले दादा, लग्न लागल्यावर आम्ही दोघे आणि घरची पाच-सहा माणसे समुद्राला नारळ अर्पण करायला वाळूवर येणार आहोत. त्या संध्याकाळी तिथे तुमच्या होड्या असतील तर त्या जागच्या जागी राहाव्यात. कोणत्या बाजूने यावे, हे मामांकरवी विचारू का?

रापणीतला

मामांना पाठवू नका. सुरंगीची फुले पाहायला आरवलीला याल, तेव्हा वाटेत आमच्याकडे या आणि रापण संघाच्या माणसांना स्वतः विचारा. सकाळी याल तर जाळे ओढतानाच भेट होईल.