मारता मारता बोलणारे: कॉमिक्समधले टोमणे, पीजे आणि तुमचे अनुभव

मंडळी, घराला रंग द्यायचा म्हणून परवा माळा रिकामा केला आणि एका खोक्यात माझी जुनी कॉमिक्स सापडली. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेतलेली, निम्म्यांना कव्हर नाही, एकाच्या शेवटच्या पानावर कुणीतरी भागाकार सोडवलेत. मग काय, तिथेच फरशीवर बसले वाचत. रंगारी दोनदा विचारून गेला की मॅडम हे खोकं कुठं ठेवू आणि मी आपली एकटीच हसतेय. गंमत म्हणजे गोष्ट एकही धड आठवत नव्हती, कोण व्हिलन कशासाठी बँक लुटत होता वगैरे, पण स्पायडरमॅन त्याला काय काय बोलला होता ते जवळजवळ पाठ. समोरून गेंड्याच्या कातडीतला तो धटिंगण ऱ्हायनो भिंत फोडत येतोय आणि हा उलटा लटकून त्याची फिरकी घेतोय!

आमच्या घरी याला पीजे मारणे म्हणतात आणि तो गुन्हा आहे.

तर हा धागा त्याचसाठी. सुपरहिरोंच्या कॉमिक्समधली खेचाखेची, टोमणे, पांचट कोट्या, जे डोक्यात बसलंय ते लिहा, पण नुसती यादी नको, तुमच्या आयुष्यात ते कुठं घुसलं तेही सांगा. सिनेमावर बोलायला इतर जागा भरपूर आहेत, इथं कागदावरचं.

खिडकीतला बोका

मस्त धागा. मी अप्लाइड आर्टला होतो तेव्हा एक गोष्ट कळली आणि मग सगळी जुनी कॉमिक्स परत काढून बघितली. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये आधी पूर्ण स्क्रिप्ट लिहून चित्रकाराला द्यायची पद्धतच नव्हती. कथेचा सांगाडा ठरायचा, चित्रकार सगळी पानं काढून मोकळा व्हायचा आणि मग स्टॅन ली त्या चित्रांवर संवाद लिहायचा. म्हणजे मारामारी आधीच काढून तयार, आता या फुग्यांत भरायचं काय? बुक्की तर चित्रात दिसतेच आहे, 'मी तुला मारतो' असं लिहून उपयोग नाही. मग टोमणा! स्पायडरमॅन (१९६२ चा पहिला अवतार, चित्रं स्टीव्ह डिट्कोची) एवढा बडबड्या होण्यात या पद्धतीचाही हात असावा असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि कहर म्हणजे शेवटी शेवटी ली आणि डिट्को यांचं एकमेकांशी बोलणंच बंद झालं होतं म्हणतात, १९६६ मध्ये डिट्को सोडूनच गेला. करणारे अबोला धरून बसलेत आणि पानावर सगळे तोंडाचा पट्टा चालवतायत.

आम्ही हे कॉलेजात करून बघितलं. मी चार पानं काढली, एक राक्षस, एक हिरो, पूल कोसळतो वगैरे, फार सिरियस, दोन आठवडे घालवले. रूममेटला म्हटलं संवाद तू लिही. त्यानं राक्षसाला मेसचा मॅनेजर केलं आणि हिरो अख्खी चार पानं थकलेल्या बिलावरून त्याच्याशी हुज्जत घालतोय. पूल कोसळतो तिथं फुग्यात, 'सुट्टे नाहीत.' माझ्या चित्रांचं याहून भलं कुणी केलेलं नाही.

भरती ओहोटी

आम्ही कुडाळकडचे, त्यामुळे मारताना एवढं बोलायला वेळ कुठून मिळतो असं लोक विचारतात तेव्हा मला हसू येतं. दशावतारात राजा आणि राक्षस तलवार उचलायच्या आधी अर्धा अर्धा तास एकमेकांची सालं काढतात, तेही लिहिलेल्या संवादांशिवाय, जागच्या जागी सुचेल तसं. लहानपणी रात्रभर नाटक बघून सकाळी कॉमिक वाचायचो, मला दोन्हीत फरक वाटलाच नाही कधी. आमचे आजोबा चित्रं बघून म्हणाले होते, "ह्यो सगळा बोलता बरा, पन ह्याची पेटी खंय वाजता?"

रात्रपाळी

हसण्याचा धागा आहे पण माझा अनुभव जरा उलटा आहे, चालेल ना.

नाशिकला आठवीत असताना भावाच्या मित्रानं एक रिप्रिंट आणला होता, अमेझिंग स्पायडरमॅन १२१, मूळ अंक १९७३ चा, लेखन गेरी कॉनवे आणि चित्रं गिल केन. पूल आहे, ग्रीन गॉब्लिन हा व्हिलन स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेनला, वरून ढकलतो, स्पायडरमॅन जाळं टाकतो आणि ते बरोब्बर तिच्या पायाला चिकटतं. वाचली! आता तिला वर ओढता ओढता हा आपला नेहमीसारखा सुरू, स्वतःचीच आरती, माझ्यासारखा देखणा नि हरहुन्नरी हिरो दुसरा कोण आहे, पडणाऱ्या पोरीला असं वाचवणं कुणाला जमलं असतं वगैरे. मी हसलो. खरंच हसलो त्या फुशारकीला. मग तो तिच्याशी बोलायला लागतो आणि ती उत्तर देत नाही.

भाऊ म्हणाला मागे जा, परत बघ. मागच्या चौकटीत, जाळं पायाला बसतं तिथं, तिच्या मानेपाशी एक बारीकसा आवाज लिहिलाय. 'स्नॅप.' एवढंच, इतर आवाज कसे पानभर मोठे असतात तसं नाही, चुकून राहिल्यासारखं. म्हणजे तो विनोद करत होता तेव्हा सगळं संपलेलं होतं, चित्राला माहीत होतं, त्याला नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्या हसण्याचं मला कितीतरी दिवस अपराधी वाटत होतं, भावाला सांगितलं नाही, इथं पहिल्यांदाच लिहितोय. अजूनही त्याचे जोक वाचताना मी चौकटीचा कोपरा आधी बघून घेतो.

धागाकर्ती

@रात्रपाळी, बाप रे. माझ्या खोक्यात हा अंक नाही ते बरं म्हणू की वाईट.

साडेसात रुपये सुट्टे

वातावरण जड झालं म्हणून मी येतो. राज कॉमिक्सचा बांकेलाल! सुपरहिरो नाही हे मला माहितीय, भांडू नका, पण नागराज आणि ध्रुवच्या शेजारीच एसटी स्टँडच्या स्टॉलवर दोरीला लटकलेला असायचा, मग माझ्यासाठी त्याच बिरादरीतला. याचं एकच स्वप्न, राजा विक्रमसिंहला खलास करून विशालगढची गादी बळकवायची. प्रत्येक वेळी डाव टाकतो आणि प्रत्येक वेळी त्याच डावामुळे राजाचा जीव वाचतो, वर बांकेलालचाच जयजयकार. आणि हा हसऱ्या तोंडानं मनातल्या मनात जे कुढतो ना, ते खरं वाचायचं. बाहेर 'महाराज की जय', आत शिव्याशाप. माझं निम्मं हिंदी तिथून आलंय, त्यामुळे ते थोडं दरबारी आहे.

आमच्या ऑफिसात आता हे क्रियापद झालंय. एका सहकाऱ्याला मी मुद्दाम अशक्य क्लायंट चिकटवला होता (देव मला क्षमा करो), तर त्या क्लायंटनं खूश होऊन कंत्राट दुप्पट केलं, त्याचं प्रमोशन झालं आणि पार्टीत त्यानं माईकवरून माझे आभार मानले. शेजारचा कानात म्हणाला, "बांकेलाल झाला रे तुझा."

डेट्रॉईटचा दगडू

इकडे आलो तेव्हा नवीन होतो, बर्फात कुठं जायचं कळायचं नाही, तर एका दुकानात जुन्या अंकांच्या खोक्यांसमोर तासन्‌तास उभा राहायचो. तिथं सापडली १९८७ ची जस्टिस लीग. लेखन गिफेन आणि डीमॅटिस, चित्रं केव्हिन मॅग्वायरची. जगाला वाचवणारी मोठी टीम आणि वागतात सगळे सोसायटीच्या मीटिंगला आल्यासारखे. पाचव्या अंकात गाय गार्डनर नावाचा तोंडाळ ग्रीन लँटर्न बॅटमनला आव्हान देतो, जिच्यात त्याची सगळी ताकद ती अंगठी ऐटीत काढून ठेवतो, ये म्हणतो. बॅटमन एक बुक्की मारतो. एकच. गडी आडवा. आणि ब्लू बीटल हसून हसून वेडा, एकच बुक्की, एकच बुक्की! पण मला सर्वात आवडतं ते पुढचं, ब्लॅक कॅनरी उशिरा पोचते आणि हे आपल्याला बघायला मिळालं नाही म्हणून तिला भयंकर वाईट वाटतं. मारामारीपेक्षा ती चुकल्याचं दुःख मोठं. आणि मॅग्वायरनं चेहरे असे काढलेत की फुगे झाकले तरी कोण काय बोललं असेल ते कळतं.

मी हे सगळं व्हॉट्सॲपवर कॉलेजच्या मित्राला मराठीतून ऐकवलं होतं, तेव्हापासून आमचा कोडवर्ड आहे तो. माझं चाळीस पानी डिझाईन बॉसनं 'नको' एवढ्या एका शब्दात परत पाठवलं, मित्राचा मेसेज: एकच बुक्की.

त्याच मालिकेत ब्लू बीटल आणि बूस्टर गोल्ड हे दोन मित्र लीगचे पैसे गुपचूप काढून एका बेटावर कसिनो टाकतात आणि ते बेट जिवंत निघतं, उठून पोहायलाच लागतं. वाचून मी गार पडलो, कारण आम्ही दोघांनी सेकंड इयरला ट्रिपच्या वर्गणीतून कुणाला न विचारता वडापावचा स्टॉल टाकला होता. आमचं बेट पोहत नाही गेलं, पण मंडप मात्र अवकाळीत वाहत गेला. वर्गणी फेडायला दीड वर्ष लागलं.

तिखट मीठ जास्त

माझं मत पटणार नाही कुणाला पण लिहिते. डेडपूल मला झेपत नाही. जोक, जोकवर जोक, मग वाचकाकडे वळून त्या जोकवर अजून एक, म्हणजे लोकलमध्ये शेजारी बसून कल्याणपर्यंत बोलणारा माणूस. आणि वाचकाशी बोलण्याचं एवढं कौतुक करता तर जॉन बर्नची शी-हल्क वाचा, १९८९ ची. पहिल्याच अंकाच्या कव्हरवर बाई सरळ धमकी देते की या खेपेला माझं पुस्तक घेतलं नाहीस तर तुझ्या घरी येऊन तुझे एक्स-मेनचे अंक फाडीन. डेडपूल तेव्हा जन्माला यायचा होता (१९९१). बाईनं केलं की कुणाच्या लक्षात राहत नाही, जाऊ दे.

खिडकीतला बोका

@तिखट मीठ, डेडपूलबद्दल असहमत, शी-हल्कबद्दल साष्टांग नमस्कार. स्क्विरल गर्ल वाचली का, रायन नॉर्थची? दर पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लेखकाची बडबड असते. मला चाळिशीचा चष्मा तिच्यामुळे लागला हे डॉक्टरांना सांगितलं नाही.

अबोली

मी शाळेत अडखळत बोलायचो (नाव अबोली आहे पण मी मुलगा आहे, आयडी त्यावरूनच घेतला). पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, शाळेत खाली मान घालून दादागिरी करणाऱ्या फ्लॅश थॉम्पसनचं ऐकून घेतो आणि मुखवटा घातला की त्याला थांबवावं लागतं. मला ते जाळं, भिंतीवर चढणं वगैरे नकोच होतं, मला ते मुखवट्यातलं बोलणं पाहिजे होतं. नंतर लक्षात आलं की फोनवर, तोंड दिसत नसलं की, मी कमी अडखळतो. आता दिवसभर फोनवर बोलायचीच नोकरी आहे. गिऱ्हाईक चिडलं की एखादा पीजे टाकतो, चालतो बऱ्याचदा.

लोडशेडिंग

माझा छोटासाच. द किलिंग जोक, १९८८, शेवटी जोकर बॅटमनला जोक सांगतो तो. वेड्यांच्या इस्पितळातून दोघं पळतात, पहिला गच्चीवरून उडी मारून पलीकडे जातो, दुसरा घाबरतो. पहिला म्हणतो मी टॉर्च मारतो, तू उजेडावरून चालत ये. दुसरा म्हणतो, मी काय वेडा आहे? अर्ध्यात आलो की तू बंद करशील!

हॉस्टेलच्या गच्चीवर, लाइट गेलेली, हातात टॉर्च, मी हा सांगितला. कुणी हसलं नाही, एकजण म्हणाला सेल वाया घालवू नको. सगळे झोपायला गेले. रात्री दोनला शेजारच्या खोलीतून एकट्याचा हसण्याचा आवाज.

पोळीचा लाडू

मी मुलांना झोपताना जुने स्पायडरमॅन मराठीतून वाचून दाखवते, म्हणजे इंग्लिश बघत बघत तोंडानं मराठी. कोट्या तशाच्या तशा येत नाहीत, सोडून द्याव्या लागतात. पण एक गोष्ट सापडली जी इंग्लिशमध्ये नाहीच, अहो-जाहो! तो म्हाताऱ्या मेकाकूंनी वाढवलेला पंधरा-सोळाचा पोरगा आणि व्हिलन सगळे काकांच्या वयाचे, मग मी त्याला आदरानं बोलायला लावते. चार यांत्रिक हात जोडलेल्या डॉक्टर ऑक्टोपसला, "अहो डॉक्टर, सहाही हात जरा आवरा की, पाहुणे काय म्हणतील!" व्हल्चर टकला म्हातारा, तर "काका, पंख वाळत घाला आता, पाऊस येतोय." मुलं लोळतात. पेस्ट-पॉट पीट नावाचा खळ फेकणारा एक व्हिलन आहे, बिचाऱ्यानं पुढे ट्रॅपस्टर असं भारदस्त नाव घेतलं तरी सगळे त्याला जुन्या नावावरूनच चिडवतात. आमच्याकडे तो डिंक्या. आता शाळेतल्या क्राफ्टच्या तासालाही डिंक्या पोचलाय, बाईंचा फोन आला होता.

सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन बसतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हा मारामारी करायला आलाय की कीर्तनाला?"

धागाकर्ती

@पोळीचा लाडू, सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा. अजून येऊ द्या त्यांचं.

पोळीचा लाडू

सांगितला. त्यांना आता गोष्ट रोज लागते, पण डिंक्यात वगैरे काही रस नाही. काल ऐन रंगात आलेली मारामारी थांबवून विचारलं, "ते राहू दे गं, त्या मेकाकूंची तब्येत कशी आहे आता?"