‘ड्यूकल’ या विशेषणाचा नेमका अर्थ आणि वापर

प्रश्न (पाथेय)

इटलीतील प्रबोधनकाळाविषयी सध्या वाचन चालू आहे. त्यात ‘ड्यूकल’ हे विशेषण वारंवार येते. शब्दकोशात ‘ड्यूकचा, ड्यूकसंबंधी’ एवढाच अर्थ दिलेला आहे आणि उर्बिनो किंवा मांतोवा येथील राजवाड्यांच्या बाबतीत तो चपखल बसतो, कारण तेथे ड्यूक राज्य करीत होते. परंतु व्हेनिस हे तर प्रजासत्ताक होते; मग तेथील प्रसिद्ध वास्तूलाही ‘पालात्सो दुकाले’ (ड्यूकल प्रासाद) का म्हणतात? दुसरी अडचण अशी की, इंग्लंडमधील एका साध्या जमीनदार घराण्याच्या कुलचिन्हाच्या वर्णनात ‘ड्यूकल कोरोनेट’ (छोटा मुकुट) असा उल्लेख आढळला, पण त्या घराण्यात कधी कोणी ड्यूक झाल्याचे दिसत नाही. या शब्दाचा अर्थ ‘उमरावी’ किंवा ‘खानदानी’ असा सैल धरावा काय?

उत्तर (सदानंद_पुणे)

सैल अर्थ धरू नये, असे माझे मत आहे. हे विशेषण थाटामाटाचे वर्णन करीत नाही, ते विशिष्ट पद दाखवते. ब्रिटिश सरदारवर्गात ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशी उतरती श्रेणी आहे. अर्लचा वाडा कितीही भव्य असला तरी त्याला ‘ड्यूकल’ म्हणता येत नाही.

व्हेनिसचे कोडे मुळाशी गेल्यावर सुटते. लॅटिनमधील ‘दुक्स’ म्हणजे नेता, पुढे चालणारा. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सरहद्दीवरील फौजेच्या अधिकाऱ्याला हे नाव होते. आपल्याकडे सेनापतिपद दाभाडे घराण्यात वंशपरंपरेने चालले, तसेच युरोपातही लष्करी हुद्द्याचे पुढे वंशपरंपरागत पद झाले. व्हेनिसमध्ये मात्र त्याच ‘दुक्स’चे स्थानिक बोलीत ‘दोजे’ (प्रजासत्ताकाचा प्रमुख) झाले आणि हे पद वारसाहक्काने न मिळता निवडणुकीने, तहहयात, मिळत असे. शेवटचा दोजे लुदोविको मानिन याच्या कारकिर्दीत, 1797 मध्ये, नेपोलियनपुढे ते प्रजासत्ताक संपुष्टात आले. ‘दुकाले’ हे विशेषण ड्यूक आणि दोजे या दोघांनाही लागू पडते, म्हणून व्हेनिसच्या संदर्भात मराठीत ‘दोजेचा प्रासाद’ असेच लिहावे. उर्बिनोच्या फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याला ड्यूकपद 1474 मध्ये मिळाले. त्याआधी तो काउंट, म्हणजे ड्यूकपेक्षा खालच्या दर्जाचा सरदार, होता आणि वाड्याचे बरेचसे काम तेव्हाच चालू झालेले होते, ही गंमतही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उत्तर (मुद्रांकित)

कुलचिन्हांपुरते बोलतो. ब्रिटिश ड्यूकच्या स्वतःच्या मुकुटावर स्ट्रॉबेरीची आठ सोनेरी पाने असतात आणि चित्रात त्यांपैकी पाच दिसतात. आपण वाचलेले ‘ड्यूकल कोरोनेट’ बहुधा ते नव्हेच. कुलचिन्हाच्या माथ्यावरील शिरोभूषण ज्यातून वर येते, अशा एका छोट्या कड्यालाही कुलचिन्हशास्त्राच्या परिभाषेत हेच नाव आहे. त्याला चार पाने असतात आणि चित्रात तीन दिसतात. हे कडे ड्यूक नसलेल्या अनेक घराण्यांच्या चिन्हांत आढळते व त्यावरून त्यांचा दर्जा ठरत नाही. चित्र उपलब्ध असल्यास पाने मोजून पाहावीत.

उत्तर (नागफणी)

वरील उत्तरांशी सहमत आहे, परंतु देशपरत्वे या शब्दामागील वस्तुस्थिती किती बदलते याकडे दुर्लक्ष होऊ नये. बरगंडीचे ड्यूक पंधराव्या शतकात प्रत्यक्ष राज्यकर्ते होते. त्यांचे स्वतःचे सैन्य होते, दरबार होता, आणि 1477 मध्ये नान्सीच्या लढाईत बरगंडीचा ड्यूक चार्ल्स मारला गेला तेव्हा त्यांच्या राज्याच्या वाटणीवरून युद्धे झाली. तेथे ‘ड्यूकल सत्ता’ म्हणजे खरोखरची राजसत्ता. इंग्लंडमध्ये मात्र हा बव्हंशी किताब राहिला. तिसऱ्या एडवर्डने 1337 मध्ये आपल्या मुलाला कॉर्नवॉलचा ड्यूक केले, तेव्हापासून ही परंपरा तेथे सुरू झाली. पण किताबातील प्रदेशावर त्या माणसाची हुकमत असतेच असे नाही. डेव्हनशरच्या ड्यूकचे चॅट्सवर्थ हे निवासस्थान डर्बीशरमध्ये आहे, आणि नॉरफोकच्या ड्यूकचा अरंडेल किल्ला ससेक्समध्ये. ‘ड्यूकल सीट’ याचे भाषांतर कोणी ‘ड्यूकची राजधानी’ असे केले तर वाचकाची शुद्ध दिशाभूल होईल. ‘ड्यूकच्या घराण्याचे मुख्य निवासस्थान’ एवढेच पुरे आहे.

आपल्याकडील एक उदाहरण देतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढला तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस अशा पायऱ्या चढत तो 1814 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. तरीही मराठीतील कित्येक लेखांत ‘असईच्या लढाईत ड्यूकने’ असे सर्रास छापलेले असते. लोणावळ्याजवळच्या नागफणीला ‘ड्यूक्स नोज’ म्हणतात ते त्याच्याच नाकावरून, असे सांगितले जाते. (माझे टोपणनाव मात्र शुद्ध देशी आहे.)

पाथेय

सर्वांचे आभार. चित्र पुन्हा काढून पाहिले. त्यात पाने तीनच दिसतात. आता एवढेच विचारायचे आहे की मराठीत ‘ड्यूकल’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावा काय?

सदानंद_पुणे

कुलचिन्हांच्या परिभाषेत ठेवावा, कारण तेथे ‘ड्यूकचा मुकुट’ असे लिहिले तर आपला झाला तोच घोटाळा वाचकाचा होईल. इतरत्र षष्ठीने काम भागते: ड्यूकचा दरबार, ड्यूकची फौज, ड्यूकच्या घराण्यातील कागदपत्रे. प्रदेशाविषयी लिहायचे असल्यास ‘डची’ हा शब्द वापरावा. ‘सरदारी’ हा शब्द मी तरी टाळीन, कारण त्यातून कोणाच्या तरी हाताखाली असल्याचा भाव येतो आणि बरगंडीच्या ड्यूकला तो मुळीच शोभत नाही. कागदोपत्री ते ड्यूक फ्रान्सच्या राजाचे मांडलिक होते, हे खरे. पण इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शंभर वर्षांच्या युद्धात त्यांनी काही काळ इंग्रजांचा पक्ष धरला होता, यावरून ते मांडलिकत्व कितपत पाळले जात होते हे दिसतेच.