उधारीच्या वहीसमोर मन देवाचं कसं ठेवायचं?

प्रश्न: किराणावाली, अहिल्यानगर

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. सासरे गेल्यापासून दुकान मीच बघते. सकाळी सातला शटर वर, रात्री साडेनऊला खाली. दर नवीन वहीच्या पहिल्या पानावर सासरे ‘१ करिंथ १०:३१’ हे बायबलमधलं वचन लिहायचे. खा, प्या, काहीही करा, देवाच्या गौरवासाठी करा. तेच मीही लिहीत आले.

हाताच्या सवयी बदलता आल्या. आधी पिशवीसकट साखर काट्यावर ठेवायचे. थोड्याच ग्रॅमचा फरक, कोणी बघतही नाही. पण मला खटकायचं. आता रिकामी पिशवी आधी ठेवते, टेअरचं बटण दाबते, शून्य आलं की मग साखर ओतते. डाळ निवडताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणते. रेव्हरंड टिळक आमच्या नगरात राहिलेले, त्यामुळे ती घरचीच वाटतात.

अडतंय ते मनात. मागच्या गल्लीतल्या एका गिऱ्हाइकाकडे आठ महिन्यांपासून १,८४० रुपये अडकलेत. रोज दुकानावरून जातो, मान खाली घालून. परवा त्याच्या हातात दुसऱ्या दुकानातल्या सामानाची पिशवी दिसली, आणि मनात जे आलं ते इथे लिहवत नाही. रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे माझी जीभ अडली. बाकीच्यांना ऋण म्हणजे पाप असेल, माझ्यासाठी ते वहीतलं पान १४ आहे. मी गप्प राहिले आणि पुढच्या ओळीला सगळ्यांत मिसळले.

पैसे सोडून देऊ का? मग उद्या दुसऱ्याचेही सोडावे लागतील, दुकान कसं चालेल? आणि विचार तर न बोलावता येतो, त्याचं काय करू?

उत्तर: नर्स, वसई

ताई, मी कॅथलिक, पण दुखणं तेच. आमच्या गावात चर्चची घंटा तीनदा व्हायची, सकाळी, बाराला आणि संध्याकाळी. आजी वाडीत भाजी खुडत असली तरी घंटा ऐकली की हातातली जुडी खाली ठेवायची, पदर सारखा करून उभी राहायची. तेवढा वेळ काम थांबायचं.

वॉर्डात घंटा कुठून ऐकू येणार? मी हात धुणं हीच घंटा धरली. दर पेशंटनंतर हात धुवावेच लागतात. साबण लावताना त्या पेशंटचं नाव देवापुढे घेते, आणि जो माझ्यावर खेकसला त्याचं तर आवर्जून. पहिले काही आठवडे नुसतं तोंडातल्या तोंडात व्हायचं, मन रागातच असायचं. तरी घेत राहिले. तुम्ही पान १४ उघडाल तेव्हा आकड्याच्या आधी त्याचं नाव घेऊन बघा.

उत्तर: दुकानदार, सोलापूर

उधारी बंद करा, पाटी लावा. कोणाच्या ऋणात राहू नका असं रोमकरांच्या पत्रात आहेच. मी तीन वर्षांपूर्वी बंद केली. गिऱ्हाईक थोडं तुटलं, पण झोप लागते.

उत्तर: निवृत्त पाळक, जालना

बाई, पाटीने पुढची उधारी थांबेल, मागचा राग नाही थांबणार.

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला दाखला पुन्हा वाचा. राजाने एका चाकराचं प्रचंड कर्ज माफ केलं होतं. त्या निर्दय चाकराचे दुसऱ्याकडे शंभर दिनार येणं होतं. उपदेशात आम्ही ती रक्कम क्षुल्लक म्हणून सांगत आलो, मीही सांगितली. पण दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याच्या मालकाने तेवढीच ठरवली होती. शंभर दिवसांची मजुरी थोडी नव्हे. प्रभू तुमच्या १,८४० रुपयांना क्षुल्लक म्हणत नाही. त्या चाकराने देणेकऱ्याचा गळा धरला, ते त्याला भोवलं.

त्याच अध्यायात १५ वं वचन आहे: भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना बोल. तुम्ही आठ महिने मनात बोलताय, त्याच्याशी एकदाही नाही. पैसे मागणं पाप नाही. चारचौघांत मागू नका. त्याच्या दारात उभ्या असताना बायबलमधला नहेम्या, राजाचा प्यालेबरदार, आठवा: राजाने विचारलं, त्याने देवाची प्रार्थना केली आणि लगेच उत्तर दिलं. राजासमोर उभं राहून किती मोठी प्रार्थना करता आली असेल? श्वासाएवढी. तेवढी पुरते.

उत्तर: किराणावाली, अहिल्यानगर

गुरुवारी दुपारी शटर अर्धं ओढून गेले. दारात पाय थरथरत होते, ‘प्रभू, तोंड सांभाळ’ एवढंच म्हणता आलं.

दादा सेंट्रिंगचं काम करतात, दिवाळीपासून धड काम नाही. दुसऱ्या दुकानात का जाता, असं मी विचारलंच. म्हणाले, “वहिनी, तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते.” हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. २०० रुपये दिले, बाकी महिन्याला जमेल तसे देतो म्हणाले. परत येताना १,६४० डोक्यात फिरत होतेच, खोटं कशाला सांगू. पण राग पहिल्यासारखा नव्हता.

पाळकसाहेब, ती ओळ या रविवारी म्हटली, हळू आवाजात. काल दादा अर्धा किलो साखर घ्यायला आले, रोखीने. मी रिकामी पिशवी काट्यावर ठेवली आणि शून्य येईपर्यंत दोघेही काट्याकडेच बघत उभे होतो.