कशिदा, भरतकाम आणि मशीनवरची ‘सिनरी’

रानवाट: ओळखीतली एक मुलगी टोप्या, कापडी पिशव्या आणि डेनिम जॅकेटांवर मशीनने डिझाइनं भरून विकते. पट्ट्यापट्ट्यांचा मावळता सूर्य, मागे निळे डोंगर, पुढे देवदारासारखी काळी झाडं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची जुनी पोस्टरं असतात ना, अगदी तशी धाटणी. तिला मराठी लेबल हवंय. मी ‘पुरातन निसर्गदृश्यांचा यांत्रिक कशिदा’ सुचवलं, तर घरचे हसून हसून लोळले. कशिदा चूक आहे का? भरतकाम म्हणावं का?

सुईदोरा: घरच्यांचं बरोबर आहे, हे टेंडर नोटिशीतलं वाटतं. ‘पुरातन’ तर आधी काढा, पुरातन म्हणजे वेरूळ. इथे ‘जुन्या धाटणीचं’ पुरे, नाहीतर सरळ ‘रेट्रो’.

कशिदा शब्द फारसी, मूळ क्रियापद ‘कशीदन’, म्हणजे ओढणे, रेखणे. आपणही कशिदा ‘काढतो’. भरतकामात मात्र ‘भरणे’ आहे, आखलेली जागा दोऱ्याने भरून टाकायची. रोजच्या बोलण्यात दोन्ही एकच झालेत, त्यामुळे चूक कुठलंच नाही. पण सूर्याचे रुंद पट्टे आणि सपाट डोंगर म्हणजे नुसतं भरणंच, तेव्हा माझं मत भरतकामाला. आणि स्तुतीचं काव्य असतो तो ‘कसीदा’, अरबी, त्याचा सुईशी संबंध नाही. हिंदी वाचून हा घोळ फार होतो.

उलटीटीप: मी याच धंद्यात आहे. कारखान्यात यातलं काहीच बोलत नाहीत. ‘कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी’ म्हणतात, आणि ती ‘मारतात’. हाताने टाका घालतात, मशीनवर टीप मारतात, त्याच चालीवर ‘पाठीवर डिझाइन मारून दे’. चित्राची टाक्यांची फाइल बनवणं म्हणजे ‘पंचिंग’. पूर्वी मोठ्या मशिनींना नक्षी भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून कळायची. पट्टी गेली, पेन ड्राइव्ह आला, पण पंचिंग राहिलं. याला ‘अंकीकरण’ म्हणा असं कुणी सुचवू नका, आमचा ऑपरेटर घरी निघून जाईल.

ही डिझाइनं मशीनला का मानवतात तेही सांगतो. ती पोस्टरं 1938 ते 1941 च्या सुमारास, महामंदीच्या काळात सुरू झालेल्या सरकारी रोजगार योजनेतून, स्क्रीन प्रिंटने छापली गेली. प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, म्हणून रंग मोजके आणि सपाट, छटा हळूहळू बदलण्याचं कामच नाही. आमच्याकडे प्रत्येक रंगाला वेगळी सुई. 12 किंवा 15 सुयांच्या मशीनवर असं चित्र मध्ये दोरा न बदलता निघतं. फोटो घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावताना मात्र घाम फुटतो.

सूर्याचा अरुंद पट्टा ‘सॅटिन’ने भरतात, दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा, छान चमकतो. पट्टा 7–8 मिलिमीटरच्या वर गेला की तोच दोरा सैल पडून बांगडीत अडकतो. मग ‘तातामी’, म्हणजे बारीक टाके विटांसारखे सरकवत भरणं. नाव जपानी चटईचं. झाडांची टोकं सगळ्यात शेवटी, नाहीतर डोंगर त्यांच्यावर चढतो. टोपीवर आणखी एक पथ्य: मधून बाहेर आणि खालून वर मारायचं, नाहीतर कापड ढकललं जाऊन मधल्या शिवणीपाशी चुणी येते.

धोटा: ‘सिनरी’ हा आता मराठीच शब्द आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी, शाळेच्या चित्रकलेच्या वहीत दुसरं काय असायचं? ‘देखावा’ म्हटलं की डोळ्यासमोर गणपतीचा मंडप येतो. ‘निसर्गचित्र’ शुद्ध आहे, पण ते भिंतीवर शोभतं, टोपीवर नाही.

रानवाट: धन्यवाद. ती वेगळे शिवून लावायचे गोल तुकडेही करते. त्यांना ‘ठिगळ’ चालेल?

सुईदोरा: अजिबात नको! ठिगळ फाटक्याला लावतात. पैसे देऊन ठिगळ कोण घेईल? ‘बिल्ला’ म्हणता येईल, स्काउटच्या गणवेशावर कापडी बिल्ले असतातच.

उलटीटीप: बिल्ल्याला माझी हरकत नाही, पण गिऱ्हाईक पिन शोधत बसेल. ‘पॅच’ लिहा.

धोटा: बिल्लाच. पिन नसते हे चित्र पाहून कळतं.

रानवाट: तिला विचारलं. लेबल ठरलं: ‘रेट्रो सिनरी, मशीन भरतकाम’. गोल तुकड्यांवर ती ‘पॅच’च लिहिणार म्हणते. आता ‘हाताने धुवा, भरतकामावर उलट बाजूने इस्त्री करा’ हे लेबलच्या मागे बसवायचंय. ‘उलट बाजूने’ की ‘उलट्या बाजूने’?

सुईदोरा: ‘उलट्या बाजूने’. सुलटी बाजू, उलटी बाजू.