निक मेसनचा राउंडहाउस लाइव्ह अल्बम घ्यावा का?

प्रश्न: पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड म्हणजे माझ्यासाठी १९७३ च्या 'डार्क साइड' अल्बमपासून पुढचंच, त्यांचा सुरुवातीचा गायक-गिटारिस्ट सिड बॅरेट याचा काळ फारसा ऐकलेला नाही, तर फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याच्या 'सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' बँडचा लाइव्ह अल्बम आधी ऐकू की जुने स्टुडिओ अल्बम?

उत्तर १: लाइव्हपासूनच कर सुरुवात! मे २०१९ मध्ये लंडनच्या राउंडहाउसला रेकॉर्ड झालाय, २०२० ला आला, आणि सगळी गाणी १९७२ पर्यंतचीच. फ्लॉइड १९६६ मध्ये याच हॉलमध्ये वाजवायचे, म्हणून ऐकताना अंगावर काटा येतो. 'सेट द कंट्रोल्स' गाण्यात मेसन मऊ मॅलेट्सनी (गोंडेदार काठ्यांनी) टॉम ड्रमवर तो संथ ठेका धरतो ना, पंच्याहत्तरीतला माणूस आहे हो, एक ठोका घाईचा नाही.

उत्तर २: या बँडमध्ये गाणारा गिटारिस्ट गॅरी केम्प हा स्पँडाउ बॅले या ऐंशीच्या दशकातल्या पॉप बँडचा म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं, चूक झाली माझी, बॅरेटची नक्कल न करता मनापासून गातो. बेसवर गाय प्रॅट, तो १९८७ पासून फ्लॉइडसोबत.

उत्तर ३: बॅरेटचं 'व्हेजिटेबल मॅन' गाणं नक्की ऐक, मूळ रेकॉर्डिंग २०१६ पर्यंत अधिकृतपणे आलंच नव्हतं. मग लगेच फ्लॉइडचा पहिला स्टुडिओ अल्बम 'पायपर' लाव.