आकाशगंगेच्या भुजांचा नकाशा विज्ञानकथेत कितपत खरा धरावा?

निळावंती
दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतली आहे. यान आपल्या भुजेतून निघून ययाती भुजेत पोचतं आणि वाटेत ‘ताराहीन काळोखी दरी’ ओलांडतं, असं कथानक. पण नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे दोन मुख्य भुजा, कुठे चार. सूर्य एका ठिकाणी मृग उपशाखेत, दुसरीकडे स्वतंत्र भुजेत. ययाती भुजेचं अंतर तर जुन्या तक्त्यांत नव्याच्या दुप्पट! यातलं काय धरू? चूक सापडली की विज्ञानवाले वाचक सोडत नाहीत, म्हणून आधीच विचारते.

धूळमापक
दोन की चार, हे काय मोजलं त्यावर ठरतं. स्पिट्झर दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात म्हाताऱ्या लाल ताऱ्यांची गर्दी मोजली, तेव्हा ढाल-नरतुरंग आणि ययाती या दोनच भुजा ठळक उठल्या. वायू आणि नुकते जन्मलेले वजनदार तारे मोजले की धनू-नौकातल आणि अंकणी धरून चार होतात. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर आहेत. आपली मृग भुजा या चारांत बसत नाही, पण मेसरांच्या (तारेजन्माच्या ढगांतून लेझरसारख्या सुटणाऱ्या नैसर्गिक रेडिओ लहरींच्या) मोजणीनंतर ती वाटली होती त्यापेक्षा बरीच लांब निघाली. ‘उपशाखा’ म्हणणं आता जुनं झालं.

वरून पाहिल्यासारखं दिसणारं ते प्रसिद्ध चित्र फोटो नव्हे. नासासाठी रॉबर्ट हर्ट यांनी ते काढलं आहे. त्यात केंद्रापलीकडचा बराचसा भाग अलीकडचे धागे पुढे ओढून भरलेला आहे. कथा तिकडे नेणार असाल तर मोकळा हात आहे, कोणी हरकत घेणार नाही.

आता दुप्पट अंतराचं. आपण तबकडीच्या आत बसलोय आणि धूळ दृश्य प्रकाश गिळते. म्हणून १९५१नंतर सगळी भिस्त हायड्रोजनच्या २१ सेंमी लहरींवर आली. त्या धुळीतून आरपार येतात, पण अंतर सांगत नाहीत, फक्त वेग सांगतात. मग आकाशगंगा वर्तुळात फिरते असं गृहीत धरून वेगावरून अंतर काढायचं. उदाहरण घ्या. केंद्र ८.१५ किलोपार्सेकवर (सुमारे २६,६०० प्रकाशवर्षं) आणि फिरण्याचा वेग सगळीकडे सेकंदाला २३६ किमी. आकाशगंगेच्या रेखांश ३०°वर (म्हणजे केंद्राच्या दिशेपासून ३०° बाजूला) एक ढग ६० किमी वेगाने दूर जाताना दिसला, तर तो केंद्रापासून ५.४ किलोपार्सेकवर येतो. पण आपली नजर त्या वर्तुळाला दोनदा छेदते, ३.५वर आणि १०.६वर. वेग दोन्हीकडे तोच! ढगात स्वतः रेडिओ लहरी फेकणारा तप्त वायू असेल तर निकाल लावता येतो: पुढच्या हायड्रोजनने केलेलं शोषण या दिशेच्या कमाल वेगापर्यंत (इथे ११८ किमी) दिसलं तर ढग लांबचा, ६०च्या आसपासच थांबलं तर जवळचा.

यातही वेग १० किमीने चुकला तर जवळचं अंतर दीड हजार प्रकाशवर्षांनी सरकतं. केंद्राच्या दिशेला आणि बरोबर तिच्या उलट्या दिशेला गती सगळी आडवी, म्हणून पद्धतच बंद. ऊर्ट, कर आणि वेस्टरहाउट यांच्या १९५८च्या नकाशात त्या दोन्हीकडे रिकाम्या पाचरी आहेत, त्या याचमुळे.

ययाती भुजेने नेमकं इथेच फसवलं. तिथला वायू वर्तुळात फिरत नाही, सुमारे २० किमीने भरकटलेला आहे. त्या भुजेतला डब्ल्यू३(ओएच) हा तारेजन्माचा ढग वेगावरून चार किलोपार्सेकपलीकडे येत होता. २००६मध्ये व्हीएलबीए या अमेरिकी रेडिओ दुर्बिणीच्या दहा अँटेनांनी तिथल्या मेथॅनॉल मेसरचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्याची जागा किती सरकल्यासारखी दिसते तो कोन; तो उलटा केला की अंतर) थेट मोजला आणि उत्तर आलं १.९५, म्हणजे ६,४०० प्रकाशवर्षं. तुमचे जुने तक्ते वेगावरचे असणार. हे नवं अंतर धरा.

ताऱ्यांचे पराशय मोजणाऱ्या गाया उपग्रहाची यादी वापरणार असाल तर एक सावधगिरी. तिसऱ्या आवृत्तीत पराशय सरासरी ०.०१७ मिलिआर्कसेकंदाने कमी आलेला आहे. ५ किलोपार्सेकवर मूळ पराशयच ०.२, म्हणजे दुरुस्ती न करता आकडा उलटा केला तर अंतर ९ टक्क्यांनी फुगतं.

कृत्तिका७
वरच्या प्रतिसादाला दंडवत. मी फक्त कथेबद्दल.

दरी काढून टाका. दोन भुजांच्या मध्येही तारे भरपूर असतात, गर्दीतला फरक माफक. भुजा उठून दिसतात त्या थोड्याशा निळ्या, राक्षसी ताऱ्यांमुळे. सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा जेमतेम कोटभर वर्षं जगतो, म्हणजे जन्मला त्या भुजेतून बाहेर पडायच्या आत मरतो. सूर्य मात्र २१ कोटी वर्षांत एक फेरी मारतो आणि वाटेत भुजांतून आतबाहेर करत राहतो. खालापूरच्या टोलनाक्यावरची रांग आठवा: रांग असतेच, गाड्या बदलत राहतात. (फरक एवढाच की इथे नाकाही हळूहळू सरकतो.) म्हणून ‘भुजेचं साम्राज्य’, ‘भुजेची सीमा’ हेही जपून.

मग प्रवाशांना मध्ये काय वेगळं दिसेल? काळोख नव्हे, उलट स्वच्छता. धुळीचे ढग आणि गुलाबी तेजोमेघ विरळ होतील, दूरच्या दीर्घिका जास्त नितळ दिसतील. माझ्या मते दरीपेक्षा हे दृश्य कथेला जास्त शोभेल.

दिशांचा घोळही टाळा. ‘स्टार ट्रेक’मध्ये चार चतुर्थांश आकाशगंगेच्या केंद्राभोवती पाडलेत आणि अल्फा-बीटाची रेघ सूर्याजवळून जाते. खगोलशास्त्रातले चतुर्थांश सूर्यालाच मध्यबिंदू धरतात. रेखांश ०° धनू राशीकडे म्हणजे केंद्राकडे, ९०° हंसाकडे. वेगाचा अंदाज हवा असेल तर त्याच मालिकेतलं व्हॉयेजर यान ७०,००० प्रकाशवर्षांना ७५ वर्षं धरतं, म्हणजे प्रकाशाच्या ९३०पट. त्या वेगाने ययाती भुजेला जवळपास सात वर्षं लागतील. तेवढ्यात पात्रांचं आपसात भांडण लावायला पुष्कळ जागा आहे.

आणि हो, डब्ल्यू३(ओएच) ययातीच्या भुजेत असूनही आकाशात दिसतो शर्मिष्ठेत. देवयानीला कळवू नका.

निळावंती
दरी उडवली! आणखी एक शंका. कथेत शाळकरी मुलगी गच्चीवरून ययाती भुजेचा संकेत पकडते, हे पटेल का?

हॉर्नवाला
पटेल, आणि सामान फार लागत नाही. १५ सेंमी व्यासाचा पत्र्याचा डबा, एक बाजू बंद. बंद टोकापासून ९.३ सेंमीवर ५ सेंमीची तांब्याची तार आत उभी. उघड्या बाजूला पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून पाऊण मीटर तोंडाचा कर्णा. तारेला लगेच १४२० मेगाहर्ट्झची गाळणी असलेला लो-नॉइज ॲम्प्लिफायर, मग केबल, मग यूएसबीचा एसडीआर (लॅपटॉपवर चालणारा रेडिओ रिसीव्हर). ॲम्प्लिफायर केबलच्या लॅपटॉपकडच्या टोकाला लावला तर केबलचा गोंगाटच मोठा होऊन येतो. ही चूक सर्वांत जास्त होते.

कर्णा शर्मिष्ठेकडे (रेखांश १२०°च्या आसपास) धरायचा. झोत २०° रुंद, त्यामुळे नेम चुकला तरी चालतं. दहा मिनिटं सरासरी, मग आकाशगंगेपासून लांबच्या आकाशाची दहा मिनिटं, आणि दोन्हींचा भागाकार. हे केलं नाही तर रिसीव्हरच्या स्वतःच्या उंचसखलपणात संकेत बुडतो. शेवटी दोन उंचवटे उरतात: शून्याजवळ आपली भुजा, उणे ५० किमीच्या (म्हणजे सेकंदाला ५० किमीने आपल्याकडे येणारी) आसपास ययाती. वेगातला एक किमी म्हणजे आलेखावर ४.७ किलोहर्ट्झ. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाची दुरुस्ती मात्र हवीच. ती वर्षभरात ३० किमीपर्यंत इकडेतिकडे जाते आणि सगळा आलेख सरकवते.

मुलगी जुन्नर-नारायणगावची दाखवणार असाल तर गंमत आहे. शेजारच्या खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस अँटेना आहेत, पण त्यांच्यातलं किमान अंतरच साधारण १०० मीटर. २१ सेंमीला ७ कलांपेक्षा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोठं पसरलेलं तेज त्यांच्या जोड्यांना दिसतच नाही. भुजांचा हा पसरट संकेत तिच्या कर्ण्यात येईल आणि त्या जोड्यांना चुकेल. (ढगातलं शोषण मोजायला मात्र जीएमआरटीच हवी.)

ट्यूनिंग १४२०.४वर करू नका, अर्धा मेगाहर्ट्झ बाजूला ठेवा. मधोमध एक अणकुचीदार सुळका येतो, तो रिसीव्हरचा स्वतःचा असतो. हायड्रोजनचा उंचवटा नेहमी पसरट.