मदत हवी आहे : 'पुट ऑफ' पोरांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी दहावीच्या नऊ पोरांचं इंग्रजी घेते. काल 'पुट ऑफ' या दोन शब्दांच्या क्रियापदावर गाडी अडली.

'पुढे ढकलणे' हा अर्थ लगेच कळला. पाऊस लांबला म्हणून पेरणी पुढे ढकलली : 'वी पुट ऑफ द सोइंग.' वावरातलंच उदाहरण. मग आलं, 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड.' एक पोरगी म्हणाली, "मॅडम, वासानं जेवण पुढे ढकललं का जी?" इथे अर्थ मन उडणे. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाला त्या वासानं भाकर जात नाही, तसं. आपल्याकडेही 'बसणे' म्हणजे बसणं, पण 'भलतंच करून बसला' यात कोणी बसत नाही, हे सांगितल्यावर त्यांना पटलं.

खरी अडचण पुढची. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं. पण सर्वनाम आलं की 'पुट इट ऑफ'च. उलट 'लुक आफ्टर' (सांभाळणे) तुटतच नाही, मध्ये शब्द घालता येत नाही : 'लुक आफ्टर हिम.' शब्दकोशात 'पुट समथिंग ऑफ' असं दिलेलं असतं, ते मी दाखवते. पण परीक्षेत शब्दकोश कुठून आणायचा? कोणतं तुटतं, कोणतं नाही, हे ओळखायची घोकंपट्टीशिवाय काही खूण आहे का? कोणी खेड्यातल्या पोरांना शिकवलं असेल तर तुमची उदाहरणं नक्की द्या, उद्याच्या तासाला वापरीन.